टक् झालं म्हणजे बॅटरी गेली?

सोलापूरच्या भवानी पेठेत घोंगडे वस्तीपासून मड्डी वस्तीपर्यंतच्या बोळांत चारचाकीला सावलीची जागा मिळणं कठीण. घराला लागून माग, मागाला लागून रस्ता आणि रस्त्याच्या कडेला आठवडाभर उन्हात उभी असलेली गाडी. रविवारी तुळजापूरला किंवा अक्कलकोटला जायचं म्हणून घरातले सगळे आवरून बसतात, किल्ली फिरते, समोरचे लाल-पिवळे दिवे लागतात, बॉनेटखालून ‘टक्’ असा आवाज येतो आणि इंजिन जागचं हलत नाही. इथून पुढे निदान बहुधा एका वाक्यात उरकतं: ‘बॅटरी बसली, बदलून टाका.’ फोन जातो, नवी बॅटरी येते, गाडी चालू होते आणि सगळ्यांचं समाधान होतं. मला या समाधानाबद्दलच शंका आहे. ‘टक्’ आवाज हा बॅटरी निकामी झाल्याचा पुरावा नाही. नवी बॅटरी बसवल्यावर गाडी चालू झाली, हाही जुनी निकामी होती याचा पुरावा नाही. बॅटरीचा निकाल मोजून लावता येतो, ती उतरलेली नसेल तर त्याला पाच-दहा मिनिटं लागतात, आणि मोजल्याशिवाय तो लावू नये, एवढंच इथे मांडायचं आहे.

आधी हा आवाज येतो कुठून ते पाहू. इंजिन आपण होऊन सुरू होत नाही. पहिले काही फेरे त्याला बाहेरून फिरवून द्यावे लागतात. जुन्या जीपला पुढून हँडल मारत, ते याचसाठी. १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेवरचा स्टार्टर आला आणि हँडल हळूहळू मागे पडलं. त्या स्टार्टरला आपल्याकडे सगळे ‘सेल्फ’ म्हणतात. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फही शंभर ते दोनशे ॲम्पिअर प्रवाह ओढतो, डिझेलचा त्याहून जास्त. एवढा प्रवाह किल्लीच्या बारीक वायरीतून नेला तर ती जळेल. म्हणून किल्ली फक्त एक छोटा प्रवाह सोडते आणि तो सेल्फच्या पाठीवर बसवलेल्या सोलेनॉइडला जातो. सोलेनॉइड म्हणजे तारेच्या वेटोळ्यात सरकणारा लोखंडी दांडा. वेटोळ्यात वीज आली की चुंबक तयार होतं आणि दांडा आत खेचला जातो. तो एकीकडे सेल्फचं छोटं दातेरी चाक इंजिनाच्या फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकवतो, आणि दुसरीकडे तांब्याची एक चकती दोन जाड बोल्टांच्या डोक्यांवर दाबून धरतो. बॅटरीकडून आलेली जाड केबल एका बोल्टला, मोटर दुसऱ्याला. चकती टेकली की वाट पूर्ण. आपल्याला ऐकू येतो तो ‘टक्’ बहुतेक वेळा या दांड्याचा असतो. म्हणजे किल्ली, फ्यूज, रिले, बारीक वायर आणि वेटोळं इथपर्यंत काम झालेलं आहे. उरलेल्या वाटेवर बॅटरी आहे, तिची दोन टर्मिनल आहेत, जाड केबली आहेत, इंजिनाला जोडलेला अर्थिंगचा पट्टा आहे, ती तांब्याची चकती आहे, मोटरचे कार्बन आहेत आणि खुद्द इंजिन आहे. इतक्या संशयितांपैकी एकट्या बॅटरीवर बोट ठेवायला आवाजाचा आधार पुरेसा नाही.

पण आवाज नीट ऐकला तर तो याहून थोडं जास्त सांगतो. एकच ठसठशीत ‘टक्’ आणि मग शांतता, हा एक प्रकार. ‘टकटकटकटक’ अशी सरबत्ती, हा दुसरा. सोलेनॉइडमध्ये दोन वेटोळी असतात: एक दांड्याला जोरात खेचणारं, दुसरं खेचलेल्याला धरून ठेवणारं. चकती टेकली की खेचणारं वेटोळं आपोआप बाद होतं आणि सगळी भिस्त धरणाऱ्यावर राहते. नेमक्या त्याच क्षणी मोटर आपला प्रचंड प्रवाह मागते. बॅटरीत दम नसेल, किंवा वाटेत कुठे प्रवाह अडत असेल, तर विजेचा दाब (व्होल्टेज) धाडकन खाली येतो, धरणाऱ्या वेटोळ्यातलं बळ जातं, स्प्रिंग दांड्याला मागे ढकलते आणि चकती सुटते. चकती सुटली की मोटरची मागणी थांबते, दाब पुन्हा वर येतो, दांडा पुन्हा खेचला जातो. हे चक्र सेकंदात अनेकदा फिरतं, तीच ती सरबत्ती. तेव्हा लागोपाठ टकटक म्हणजे दाब पुरत नाही, हे नक्की. तो बॅटरीतच कमी आहे की वाटेत गळतो, हे मात्र कानाला कळत नाही. एकच टक् असेल तर बऱ्याचदा दाब टिकून असतो आणि दोष पुढे असतो: चकती आणि बोल्टांची डोकी ठिणग्यांनी जळून काळी पडलेली असतात, कार्बन झिजलेले असतात, किंवा इंजिनच जाम असतं. सेल्फवर हातोडीचा हलका ठोका दिल्यावर गाडी सुरू झाली तर अडकलेल्या कार्बनचा किंवा चकतीचा संशय घट्ट होतो. तो ठोका म्हणजे दुरुस्ती नव्हे. सेल्फ खोलायची वेळ झाली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

‘दिवे लख्ख लागतात, हॉर्न वाजतो, मग बॅटरी आणि कनेक्शन दोन्ही चांगलीच असणार,’ हा उलट बाजूचा युक्तिवादही तितकाच फसवा आहे. जॉर्ज ओम यांनी १८२७ मध्ये मांडलेला नियम इथे सरळ लागू पडतो: सांध्यात जाया होणारा दाब म्हणजे वाहणारा प्रवाह गुणिले त्या सांध्याचा अडथळा. समजा टर्मिनलवर मळ बसून ०.०५ ओहमचा अडथळा तयार झाला. आकडा इतका लहान की साध्या मीटरवर ओहममध्ये तो धड दिसतही नाही. दोन हेडलाइट मिळून साधारण दहा ॲम्पिअर घेतात. त्यांच्यासाठी या सांध्यात अर्धा व्होल्ट जातो आणि दिवे किंचित मंद झाले तरी डोळ्याला समजत नाही. आता सेल्फने दीडशे ॲम्पिअर मागितले, तर हिशेबाने साडेसात व्होल्ट त्याच सांध्यात खर्च व्हायला हवेत. बॅटरीचे बारा, त्यातले साडेसात तिथेच गेले, तर मोटरला उरलं काय? व्यवहारात तेवढा प्रवाह वाहतच नाही, मोटर हलत नाही. म्हणजे चांगली बॅटरी, चांगला सेल्फ, लख्ख दिवे आणि तरीही बंद गाडी, असं होऊ शकतं आणि होतं. कारण असतो केबलच्या टोकाचा क्लँप आणि टर्मिनल यांच्यामधला एक काळपट थर. पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर माणूस ती पुसतो तरी. हा थर क्लँपच्या आतल्या बाजूला असतो. क्लँप काढून पाहिल्याशिवाय तो दिसत नाही.

यातूनच माझ्या मुख्य मुद्द्याचा पुरावा मिळतो. बॅटरी बदलताना मेकॅनिक काय करतो? दोन्ही क्लँप सैल करतो, टर्मिनलवरून उपसून काढतो, बऱ्याचदा पॉलिश पेपरने घासतो, नव्या बॅटरीच्या स्वच्छ शिशावर बसवतो आणि पाना लावून घट्ट आवळतो. म्हणजे बॅटरी बदलण्याच्या नावाखाली दोन दुरुस्त्या एकदम होतात: बॅटरी नवी आणि सांधे साफ. गाडी सुरू झाल्यावर श्रेय सगळं बॅटरीला जातं. सांधे साफ करून जुनीच बॅटरी परत जोडून पाहिली असती, तर कोणत्या दुरुस्तीने काम केलं हे कळलं असतं. ते कुणी पाहत नाही. जंपर केबलचंही तसंच. दुसऱ्या गाडीवरून चालू झाली म्हणजे आपली बॅटरी मेली, असं आपण धरून चालतो. पण जंपरचा चिमटा जर टर्मिनलच्या शिशावर न लावता क्लँपवर लावला असेल, तर प्रवाह त्या मळक्या सांध्याला वळसा घालून जातो. काळा चिमटा थेट इंजिनाच्या लोखंडाला लावला असेल (आणि सुरक्षिततेसाठी तो तसाच, बॅटरीपासून दूर लावावा, कारण बॅटरीतून हायड्रोजन सुटतो आणि ठिणगीने तो पेटू शकतो), तर अर्थिंगच्या खराब पट्ट्यालाही वळसा मिळतो. निर्दोष बॅटरीची गाडीही अशा जंपवर सुरू होईल आणि बिचारी बॅटरी भंगारात जाईल. याच पेठेत माग थांबला तर विणकर आधी तुटलेला धागा शोधतो, मागच बदलायला निघत नाही. गाडीच्या बाबतीत तोच धीर आपण का सोडतो?

यावर एक आक्षेप वजनदार आहे आणि त्याला सोलापूरचं हवामान पाठिंबा देतं. ‘इथे बॅटरी तीन-चार वर्षांच्या वर टिकत नाही, मग तिसऱ्या वर्षी टक् झालं तर तिच्यावर संशय घेण्यात चूक काय?’ संशय घेण्यात काहीच चूक नाही. गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये शिसं आणि गंधकाम्लाची बॅटरी बनवली; आजच्या गाडीत मूळ रसायन तेच आहे, आणि उष्णता हा त्या रसायनाचा जुना शत्रू. ढोबळ नियम असा की तापमान दर १० अंशांनी वाढलं की आतली झीज साधारण दुप्पट वेगाने होते. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर जातो, आणि उन्हात उभ्या गाडीच्या किंवा नुकत्याच बंद केलेल्या इंजिनाच्या बॉनेटखाली त्याहूनही जास्त. पाणी उडतं, शिशाच्या जाळ्या कुजतात. परदेशी माहितीपत्रकांत बॅटरीचा वैरी म्हणून बर्फ आणि थंडी दाखवतात. आपल्याकडे मारतो उन्हाळा आणि कळतं डिसेंबरच्या गारठ्यात, जेव्हा इंजिन ऑइल जरा घट्ट होऊन सेल्फकडून जास्त जोर मागतं. त्यात पाण्याच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरऐवजी नळाचं किंवा बोअरचं जड पाणी ओतलं, तर त्यातले क्षार कायमचं नुकसान करतात. हे सगळं खरं आहे. पण यावरून ठरतं ते एवढंच की सोलापुरात बॅटरी मोजायची वेळ लवकर येते. उष्णता बॅटरीइतकीच क्लँपच्या सांध्यालाही खाते. उडालेल्या आम्लाच्या वाफा त्याच शिशावर बसतात. त्यामुळे वयावरून निकाल द्यायचा ठरवला, तर याच हवेत तो चुकण्याची शक्यताही वाढते.

शिवाय उतरलेली बॅटरी आणि मेलेली बॅटरी यांत फरक आहे. आजच्या गाडीत कुलूप लावल्यावरही अलार्म, घड्याळ, कॉम्प्युटर थोडी वीज पीत राहतात. ५० मिलिॲम्पिअर धरले तर दिवसाला १.२ ॲम्पिअर-तास, छोट्या गाडीची ३५ ॲम्पिअर-तासांची बॅटरी दोन आठवड्यांत निम्मी आणि महिन्याभरात रिकामी. मार्च २०२० च्या टाळेबंदीत महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाड्यांचं हेच झालं. अशी बॅटरी बाहेर काढून चार्जरवर रात्रभर सावकाश भरली की बऱ्याचदा पुन्हा कामाला लागते. फार दिवस तशीच ठेवली तर मात्र पट्ट्यांवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग ती खरोखर जाते. म्हणून निकाल लावण्याआधी भरून पाहणं हा मोजणीचाच भाग आहे.

मोजणी अशी. रात्रभर उभ्या गाडीच्या टर्मिनलच्या शिशावर (क्लँपवर नव्हे) मल्टिमीटरच्या दोन पिना टेकवा. १२.६ च्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ च्या खाली म्हणजे रिकामी. हा पहिला आकडा आणि तो एकटा पुरेसा नाही. म्हातारी बॅटरीही आरामात बसली असताना १२.६ दाखवू शकते. दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा आणि पिना तिथेच ठेवा. भरलेली बॅटरी सेल्फच्या ओढीखाली ९.६ च्या खाली गेली, तर तिच्यावरचा आरोप पक्का होत जातो. ती ११-१२ वर ठाम उभी आहे आणि तरीही नुसतंच टक् होतंय, तर ती निर्दोष आहे, पुढे शोधा. आता एक पिन टर्मिनलच्या शिशावर आणि दुसरी त्याच टर्मिनलच्या क्लँपवर, दोहोंत जेमतेम बोटभर अंतर, आणि पुन्हा सेल्फ. मीटरने शून्याच्या आसपास राहायला हवं. तिथे एक, दोन, पाच व्होल्ट दिसले तर चोर सापडला: त्या बोटभर अंतरात सगळा दाब गिळला जातो आहे. तसंच काळं टर्मिनल आणि इंजिनाचं लोखंड यांत सेल्फ मारताना पाव व्होल्टपेक्षा फार जास्त दिसलं तर अर्थिंगचा पट्टा तपासा. गाडी सुरू झाल्यावर बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवं. न दिसल्यास अल्टरनेटर चार्ज करत नाही आणि नवी बॅटरीही चार दिवसांत उतरेल. हाती मीटर नसेल तर हेडलाइट लावून सेल्फ मारा. दिवे पार विझले तर बॅटरी किंवा तिचा सांधा. दिवे तसेच लख्ख राहिले तर सेल्फ, त्याची केबल किंवा इंजिनाचं अर्थिंग. काही गाड्यांत सेल्फ मारताना हेडलाइट आपोआप बंद होतात. तिथे आतल्या दिव्याकडे पाहावं. बॅटरीवरच्या हिरव्या ‘डोळ्या’वर मात्र विसंबू नये: तो सहापैकी एकाच सेलचं सांगतो.

‘अनुभवी मेकॅनिकचा कान हे सगळं आधीच सांगतो, मीटरचे चोचले कशाला?’ असं विचारलं जातं. अनुभवी कानाबद्दल मला पूर्ण आदर आहे. सरबत्ती आणि एकच टक् हा फरक तो झोपेतही ओळखेल. पण थकलेली बॅटरी आणि मळका सांधा यांचा आवाज सारखाच, कारण सोलेनॉइडला दोन्हीकडून सारखीच उपासमार होते. जो फरक आवाजात नाहीच, तो कितीही तयार कानाला ऐकू येणार नाही. ‘नव्या गाड्यांना स्कॅनर लावला की झालं’ हेही अर्धंच खरं: कमी दाबामुळे स्कॅनरवर नाना बिघाडांचे कोड उमटतात, पण क्लँपखालचा थर त्याला दिसत नाही. आणि वेळेचं म्हणाल, तर एक गोष्ट ध्यानात घ्या. वॉरंटीत बॅटरी फुकट बदलून मागायला जा. विक्रेता ती आधी चार्ज करतो, लोड टेस्टरवर मोजतो आणि मगच हो किंवा नाही म्हणतो. त्याच्या पदरचं जाताना मोजमाप लागतं, तर गिऱ्हाइकाच्या खिशातले चार-पाच हजार जाताना ते का लागू नये?

एका प्रसंगी मात्र मोजत बसू नये आणि पुन्हा पुन्हा सेल्फही मारू नये. ऑक्टोबर २०२० मध्ये सोलापूर जिल्ह्यात झाली तशी अतिवृष्टी होऊन गाडी पाण्यात उभी राहिली असेल आणि आता एकच जड ‘ठक्’ येऊन इंजिन अडत असेल, तर सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असू शकतं. पाणी दाबलं जात नाही. जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि हजारांचं काम लाखाच्या घरात जातं. ती गाडी टोइंगनेच न्यावी.

एरवी गाडीत दहा नंबरचा पाना, पॉलिश पेपरचा तुकडा आणि काही शे रुपयांचा मल्टिमीटर ठेवा. क्लँप काढताना काळा आधी, लावताना काळा शेवटी, म्हणजे पाना बॉडीला लागून शॉर्ट होणार नाही. भुकटी गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, डोळे सांभाळा, सांधा चकचकीत घासा, आवळा आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरवा. एवढं करूनही बॅटरीच दोषी निघाली तर खुशाल बदला. जुनी विक्रेत्याकडेच परत द्या, २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार तिची जागा नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रात आहे. पण पैसे देण्याआधी मेकॅनिकला तीन आकडे विचारा: उभ्या गाडीत किती व्होल्ट, सेल्फ मारताना किती आणि इंजिन चालू असताना किती. ते बिलाच्या मागे लिहून घ्या.